चारशे युरो, आई आणि लिस्बन

आधी बजेट सांगतो कारण बाकी सगळं त्यावरच ठरलं. विमान सोडून दोघांना चार रात्री, एकूण ४०० युरो. मी स्टुटगार्टला मास्टर्स करतोय, आठवड्याचे वीस तास एका गोदामात खोकी उचलतो, त्यातनं साठवलेले हे पैसे. आई दिवाळीला माझ्याकडे आलेली, पहिल्यांदाच भारताबाहेर. म्हटलं परत जायच्या आधी तिला एक तरी शहर धड दाखवू, पॅरिस बघू का रोम, तर ती म्हणाली लिस्बन.

आता हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते सांगायला पाहिजे. आईचं माहेर डिचोली, जन्म मार्च १९६०. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे आई जन्मली तेव्हा पोर्तुगालच्या कागदांत गोवा हा त्यांचा समुद्रापलीकडचा एक प्रांत होता आणि आई, कागदावर का होईना, त्यांच्या देशात जन्मलेली. तिच्या वयाचे कितीतरी गोंयकार याच आधारावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेले. आई लग्न होऊन सावंतवाडीला आली, पोस्टात चौतीस वर्षं काउंटरवर बसली आणि रिटायर झाली, तिला पासपोर्ट वगैरे काही नको होता, "फक्त एकदा बघूक होया, आमच्यावर राज्य करणारे रवतत खंय" एवढंच.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

स्वस्त विमानाचं तिकीट म्हणजे पाठीवरची एक छोटी बॅग, बाकी काही नाही. ती गेटवरच्या मापाच्या लोखंडी चौकटीत बसली पाहिजे, नाही बसली तर दंड तिकिटापेक्षा जास्त. आईने आदल्या रात्री फराळाचे दोन डबे भरलेले, चकली, शंकरपाळी, चिवडा, वर मेथीचे ठेपले दहा. बॅग चौकटीत जाईना. मग आईने काय करावं, दोन स्वेटर अंगात घातले, त्यावर माझं जॅकेट, जॅकेटच्या दोन्ही खिशांत चकल्या, आणि अशी ती गेटवरच्या बाईसमोरून शांतपणे चालत गेली. चौतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला काउंटरच्या बाहेर कसं उभं राहायचं ते बरोब्बर माहीत असतं.

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे म्हणायला हरकत नाही. मेट्रोची लाल लाईन, आलामेदाला बदलून हिरवी, आणि आंजोसला उतरलो. कार्ड ५० सेंटचं, तिकीट १ युरो ८०, दोघांचे मिळून ४ युरो ६०. टॅक्सीवाल्याशी बोलायची वेळच आली नाही. रूम एका जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाथरूम बाहेर आणि सगळ्यांत एक, रात्रीचे ४८ युरो, पण स्वयंपाकघर वापरायला मिळणार होतं आणि त्यासाठीच ती घेतलेली.

मालकीणबाई सत्तरीच्या, इंग्रजी शून्य. मी फोनवर भाषांतराचं ॲप काढतोय तोवर बाई म्हणाल्या "शाव्ह" आणि आईने हात पुढे केला, चावी घेतली. बाईंनी मग टेबलावर हात ठेवला, "मेझा", आई म्हणाली मेज. खिडकी, "जनेला", आई म्हणाली जनेल, आमच्या डिचोलीत जनेलच म्हणतात. मग पाव, मग बटाटा, मग साबण, मग बालदी. मी ॲप बंद केलं. पाच मिनिटं दोघी एकमेकींना घरातल्या वस्तू दाखवत होत्या आणि हसत होत्या.

मग बाई एकदम गंभीर झाल्या, एक कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "पगार."

आई माझ्याकडे बघायला लागली. "कोणाचो पगार? हिचो?"

पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे देणे. आपला महिन्याचा पगार तिथूनच आलाय. आणि हे द्यायचे पैसे म्हणजे शहराचा पर्यटक कर, माणशी रात्रीला ४ युरो, त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत तो २ होता. बुकिंग करताना मी खालची बारीक अक्षरं वाचलीच नव्हती. दोघांचे चार रात्रींचे ३२ युरो. ४०० मधले १९२ रूमला, ३२ कराला, मेट्रोचे न धरता राहिले १७६ आणि अजून आम्ही लिस्बनमध्ये काही बघितलंसुद्धा नव्हतं. आईने पर्समधून वही काढली (पोस्टाच्या जुन्या डायऱ्या ती अजून वापरते), तारीख घातली आणि पहिली ओळ लिहिली: पगार, ३२.

रात्री कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधून अंडी, दूध, पाव, टोमॅटो, तांदूळ, संत्री, नऊ युरोच्या आसपास. ठेपले आणि अंड्याची भुर्जी. झोप.

शनिवार, ९ नोव्हेंबर

लिस्बनचं सगळ्यात प्रसिद्ध काय तर २८ नंबरची पिवळी ट्रॅम. लाकडी बाकं, पितळी हँडल, एका डब्याची, आणि इतक्या अरुंद गल्ल्यांतून जाते की खिडकीतून हात काढला तर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीला लागेल. ड्रायव्हरकडून तिकीट घेतलं तर माणशी तीन युरोच्या वर, आणि चोवीस तासांचा पास तेव्हा ६ युरो ८० चा, त्यात मेट्रो, बस, ट्रॅम, उतारावरच्या केबलगाड्या, सगळं यायचं. आणि पास तारखेचा नसतो, पहिल्यांदा मशीनला टेकवल्यापासून चोवीस तास. आम्ही शनिवारी सकाळी साडेआठला टेकवला, रविवारी सव्वाआठला परत टेकवून नदीकाठच्या बेलें नावाच्या भागात गेलो, म्हणजे एका दिवसाच्या पैशात दुसऱ्या दिवसाची सकाळ. आईला हा हिशेब इतका आवडला की तिने तो वहीत चौकोन करून लिहिला.

ट्रॅम वाटेत कुठेही पकडता येते पण बसायला जागा मिळत नाही, म्हणून मार्तिम मोनीझला जिथून ती सुटते तिथे गेलो. रांगेत पुढे वीस-पंचवीस माणसं होती, पहिली गेली, दुसरीत खिडकी मिळाली. दहानंतर याच रांगेत लोक तासभर उभे असतात. खिसेकापूंचीही हीच आवडती ट्रॅम, आत तशी पाटीच आहे. आईची पर्स स्वेटरच्या आत आणि तिचा हात पर्सवर, तिला पाटीची गरज नव्हती.

ग्रासाच्या टेकडीवरनं पुढे उतरलो आणि फैरा दा लाद्राला गेलो, मंगळवार-शनिवार भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार. लाद्रा म्हणजे चोरटी बाई, थोडक्यात चोरबाजारच. जमिनीवर चादरी, चादरीवर चमचे, रेडिओ, चष्मे, एका पायाचा बूट, लष्करी बटणं, बाहुल्यांची डोकी. आईला पांढऱ्या-निळ्या जुन्या टाइल्स हव्या होत्या, अझुलेझू म्हणतात त्याला, घरांच्या भिंतीच्या भिंती त्याने मढवलेल्या असतात इथे. पण मी वाचलेलं की बाजारात येणाऱ्या जुन्या टाइल्सपैकी बऱ्याच कुणाच्या तरी भिंतीवरून रात्री उचकटलेल्या असतात, त्याच्याविरुद्ध इथे २००७ पासून मोहीम चालू आहे. आईला सांगितल्यावर तिने हातातली खाली ठेवली, दोन बोटांनी, विंचू असल्यासारखी.

मग ती पोस्टाच्या तिकिटांच्या खोक्याजवळ बसली ती बसलीच. बुटाचं खोकं, आत हजारभर तिकिटं कशीही ओतलेली, एका युरोला एक. विकणारा म्हातारा रेडिओ ऐकत होता. मी दोनदा म्हटलं आई चल, तिने वर बघितलंसुद्धा नाही, तिकिटाची कड बघायची, उलटं करून डिंक बघायचा, शिक्क्याची तारीख वाचायची, बाजूला ठेवायचं. अर्ध्या तासाने तिने एक माझ्यासमोर धरलं. तपकिरी, एक कोपरा दुमडलेला, वर कुणीतरी दाढीवाला, खाली लिहिलेलं इश्तादु दा इंडिया, म्हणजे हिंदुस्थानातलं त्यांचं राज्य, आणि किंमत एक टांगा. घोडागाडी नव्हे, गोव्यातलं तेव्हाचं नाणं, सोळा टांग्यांचा एक रुपया. आईचे बाबा भाव सांगताना शेवटपर्यंत मध्येच टांगा म्हणायचे म्हणे.

"शिक्को बघ," आई म्हणाली. शिक्क्याचा अर्धाच भाग होता, तारीख गेलेली, गावाच्या नावातली शेवटची तीन अक्षरं राहिलेली. तिला ती डिचोलीची वाटत होती. मला दुसऱ्याच कुठल्या गावाची पण असतील असं वाटलं पण मी गप्प बसलो. शिक्क्याच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची माझी लायकी नाही.

बाजाराच्या मागेच सांता एंग्रासिया नावाचं पांढऱ्या घुमटाचं चर्च आहे, आता तिथे राष्ट्रीय स्मारक. याचं काम १६८२ ला सुरू झालं आणि १९६६ ला संपलं. पोर्तुगीजमध्ये त्यावरून वाक्प्रचारच पडलाय, संपता न संपणाऱ्या कामाला "सांता एंग्रासियाचं काम" म्हणतात. आईने लगेच मुंबई-गोवा हायवे म्हटलं. आत जायला तिकीट होतं, बाहेरून बघितलं.

तिथून आल्फामाच्या गल्ल्या उतरत उतरत खाली. १७५५ च्या भूकंपात शहराचा बराचसा भाग गेला पण आल्फामा टेकडीच्या खडकावर, त्यामुळे ही वस्ती बरीचशी टिकली, म्हणून इथले रस्ते अजून भूकंपाआधीचे, कुठे वळतील ते त्यांनाच माहीत नाही असे. फरसबंदी मात्र जिवावरची. पांढऱ्या चुनखडीचे छोटे छोटे चौकोनी दगड, वर्षानुवर्षं चपला घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले, सकाळच्या दवाने ओले झाले की विसर्जनाच्या घाटावरच्या पायऱ्याच समजा. लिस्बनला जाताना एकच वस्तू चांगली घ्या म्हणजे बूट. आई स्पोर्ट्स शूजवर साडी नेसून होती आणि तिचा तोल माझ्यापेक्षा चांगला होता.

जेवायला एका छोट्या खानावळीत शिरलो, बाहेर खडूने लिहिलेला आजचा पदार्थ, साडेआठ युरो. असल्या ठिकाणी दुपारी एक ताट घेतलं की सूप, मासा, बटाटे, भात सगळं येतं, दोघांना पुरतं. बसल्याबसल्या वेटरने पाव, ऑलिव्ह आणि चीजचा छोटा तुकडा आणून ठेवला. मला वाटलं वा, आदरातिथ्य. बिलात त्याचे साडेचार युरो. आणलेलं खाल्लं नाही तर पैसे नाहीत, हात लावला की लागले, सगळ्या पोर्तुगालात हीच पद्धत, मला माहीत असायला हवं होतं. आई म्हणाली असू दे, पाव चांगला होता. पण वहीत वेगळी ओळ आलीच: न मागितलेला पाव, ४.५०.

बाकी दुपारभर सांता लुझियाच्या कट्ट्यावर बसलो. वर बोगनवेल, खाली लाल कौलं आणि तेजो नदी, समुद्रच वाटावा एवढी रुंद. कुणी गिटार वाजवत होतं. दोन तास तरी बसलो असू, आईचा गुडघाही तेवढ्यात बरा झाला.

रविवार, १० नोव्हेंबर

सव्वाआठला १५ नंबरची ट्रॅम, वर सांगितलेला पास, बेलें. वास्को द गामाची जहाजं १४९७ ला इथूनच सुटली आणि पुढच्या वर्षी कालिकतला लागली. त्या पैशाचं काय झालं ते इथे दगडात दिसतं. जेरोनिमोसचा मठ १५०१ च्या सुमारास बांधायला घेतला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के कराच्या पैशातून, आणि काम शंभरेक वर्षं चाललं. खांबांवर दोरखंड, शिंपले, कुठल्याकुठल्या वेली कोरलेल्या, बघून मान दुखते. मठाच्या आतल्या भागाचं तिकीट आमच्या बजेटच्या बाहेर होतं पण त्याला लागून असलेल्या चर्चमध्ये फुकट जाता येत होतं, फक्त रांग वेगळी होती आणि ती कुणी सांगत नव्हतं. रविवारी सकाळी प्रार्थना असते म्हणून ते दुपारवर टाकलं.

तोवर नदीकाठी. तिथे खलाशांचं एक मोठं स्मारक आहे, १९६० चं, ५२ मीटर उंच, जहाजाच्या पुढच्या टोकावर दाटीवाटीने उभे दगडी दर्यावर्दी, सगळे पुढे बघतायत. १९६०, म्हणजे आईच्या वयाचं. समोर जमिनीवर दगडात जगाचा नकाशा, कुठल्या साली कुठे पोहोचले ते कोरलेलं. लोक आपापल्या देशावर उभे राहून फोटो काढत होते, ब्राझीलवर गर्दी. आई आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन उभी राहिली आणि तिथेच पिशवी उघडून शंकरपाळी काढली. फोटो आहे माझ्याकडे, एक पाय अरबी समुद्रात.

बेलेंची खाण्याची गोष्ट म्हणजे पास्तेल. १८३७ पासून चालू असलेलं दुकान, बाहेर रांग, पण घेऊन जायची रांग भराभर सरकते, तेव्हा एक दीड युरोच्या आत होतं. बाहेर पापुद्रे, आत अंड्याच्या बलकाचं गोड दाट सारण, वरून करपलेले काळे डाग, सोबत दालचिनी आणि पिठीसाखरेच्या पुड्या. मठांत अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ करायला वापरायचे, उरलेल्या बलकाचं काय करायचं म्हणून ही मिठाई जन्माला आली असं सांगतात. चार घेतली. आईने पहिलं खाल्लं आणि पापुद्रा बोटाने उचलून उजेडात धरला, "चिरोट्यापेक्षा बरो सुटलाहा." माझ्या आईच्या तोंडून आलेला हा केवढा मोठा पुरस्कार आहे हे दुकानाला कधीच कळणार नाही.

दुपारी चर्च. आत शिरल्या शिरल्या एका बाजूला वास्को द गामाची समाधी, समोर दुसऱ्या बाजूला त्यांच्या कवीची, कामोइशची, जो स्वतः गोव्यात राहून गेलेला. वास्को मेला कोचीनला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. अस्थी पुढे पोर्तुगालला आल्या आणि या चर्चमध्ये १८८० ला. दगडी पुतळा आडवा, हात जोडलेले, खाली जहाज कोरलेलं. याच माणसाने १५०२ ला मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं होतं, ते अर्थातच कोरलेलं नाही.

आई बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, इतिहास, साम्राज्य वगैरे. ती म्हणाली, "वास्को म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर स्टेशनच येतं रे. शेवटचं स्टेशन, सगळे उतरा."

परतताना काइस दो सोद्रेला उतरलो आणि तिथून पलीकडच्या काठाला कासिल्यासला जाणारी फेरी पकडली, दीड युरोसुद्धा नाही, त्याच कार्डावर. नदीवरच्या क्रूझची जाहिरात सगळीकडे पंचवीस-तीस युरोला असते, ही ऑफिसातनं घरी जाणाऱ्या लोकांची बोट, पाणी तेच आणि सूर्यास्तही तोच. साडेपाचच्या आत सूर्य बुडाला, लाल पुलाच्या पाठीमागे. पूल १९६६ चा, आधी नाव हुकूमशहा सालाझारचं, १९७४ च्या क्रांतीनंतर बदलून २५ एप्रिल ठेवलं. पलीकडच्या धक्क्यावर अर्धा तास बसून चिवडा खाल्ला आणि पुढच्या बोटीने परत.

सोमवार, ११ नोव्हेंबर

सोमवारी बरीच म्युझियम्स बंद. तो दिवस चढ-उतारांसाठी ठेवला, आणि इथे मला फुकटची जी माहिती मिळाली ती सांगतोच कारण लिस्बन सात टेकड्यांचं शहर म्हणतात आणि गुडघ्यांना सातही मोजता येतात.

खालच्या सपाट भागाला बाइशा म्हणतात. तिथे रुआ दोस फांकैरोश नावाच्या रस्त्यावर एका साध्या दिसणाऱ्या बिल्डिंगमध्ये सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट, वरच्या रस्त्यावर सोडते. तिथून समोर थोडं चाललं की एक पार्किंगची इमारत, तळाला सुपरमार्केट, तिची लिफ्टही फुकट, ती थेट किल्ल्याच्या खाली काढते आणि गच्चीवरून सगळं शहर दिसतं. किल्ल्याचं तिकीट तेव्हा १५ युरो होतं, आम्ही गच्चीवरच समाधान मानलं. तसंच दुसऱ्या बाजूला बाइशा-शिआदो मेट्रो स्टेशनच्या आतले सरकते जिने, एका दाराने खालून शिरायचं आणि दुसऱ्या दाराने टेकडीवर निघायचं, तिकिटाचं गेट मध्ये येतच नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन अशाच वर जातात, आम्ही त्यांच्या मागे गेलो. सांता झुस्ताचा तो १९०२ चा प्रसिद्ध लोखंडी उद्वाहक आहे ना, ४५ मीटरचा, त्याच्या खाली रांगेत उभे असलेले लोक वर पोहोचायच्या आत आम्ही जिन्यांनी वर जाऊन त्याच्याच पुलाजवळ उभे होतो.

(आम्हाला ग्लोरियाच्या केबलगाडीतही बसायचं होतं पण रांग बघून सोडून दिलं. सप्टेंबर २०२५ ला तिचीच केबल तुटून १६ माणसं गेली. बातमी आली तेव्हा सावंतवाडीहून आईचा फोन, काही बोलली नाही, "जेवलास?" एवढंच विचारलं.)

वर कार्मोचं चर्च. संपूर्ण सहलीत दिलेल्या पैशांत सगळ्यात वसूल झालेलं तिकीट हे, दोघांचे चौदाच्या आसपास. पासष्टच्या वर असतं तर कमी पडलं असतं, आई चौसष्ट. "एका वर्षान येवूक होया होता," ती म्हणाली, आणि मला वाटतं अगदीच थट्टेने नाही.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळचे साडेनऊ वाजून गेलेले, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, पाठोपाठ तेजोतून समुद्राच्या लाटा आल्या, आणि त्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पाच-सहा दिवस जळत राहिली. कार्मोचं छप्पर पडलं ते नंतर पूर्ण बांधलंच नाही. आत गेलं की दोन्ही बाजूंना उंच खांब, त्यावर दगडी कमानी, बरगड्यांसारख्या, आणि कमानींच्या मध्ये आकाश. जमिनीवर गवत. एक कबुतर कमानीवर बसलेलं, त्याची सावली भिंतीवर. बाइशाचे ते सरळ रेषेतले रस्ते भूकंपानंतर तेव्हाच्या राजाचा मंत्री मार्केश द पोंबाल याने आखून घेतले, घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरा बसवला आणि नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून तो हादऱ्यात टिकतो का ते बघितलं म्हणतात.

चर्चच्या दारातला छोटा चौक आईला दाखवायचा होता. २५ एप्रिल १९७४ ला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला, पंतप्रधान कायतानो इथल्याच बराकीत लपलेला, बाहेर चिलखती गाड्या, लोक झाडांवर चढलेले, बंदुकांच्या नळीत लाल कार्नेशनची फुलं. संध्याकाळी त्याने सत्ता सोडली. आता यात आईचं काय? गोवा १९६१ ला मुक्त झाला पण लिस्बनच्या सरकारने ते मान्यच केलं नव्हतं, त्यांच्या लेखी तो त्यांचाच होता. हे सरकार या चौकात पडलं तेव्हा कुठे नव्या सरकारने भारताशी करार केला, ३१ डिसेंबर १९७४. म्हणजे चौदा वर्षांची होऊन गेली, दहावीच्या उंबरठ्यावर आली, तोवर आई या लोकांच्या हिशेबात पोर्तुगीज होती.

आई बाकावर बसून सगळं ऐकत होती. "म्हणजे मी शाळेत जनगणमन म्हणत होते आणि इथे ह्यांच्या वहीत माझं नाव?"

"असेल."

"आणि तरी माझ्याकडून व्हिसाचे पैसे घेतले."

खाली उतरून सांव दोमिंगोसचं चर्च, फुकट, १९५९ च्या आगीत आतून जळालेलं, खांब चटके लागून तडकलेले, तसेच ठेवलेत. बाहेर चौकात १५०६ ला इथे मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक. त्याच चौकात एका खोलीएवढ्या दुकानात आंबट चेरीची दारू मिळते, जिंजिन्या, उभ्याने प्यायची, दीड-दोन युरोला एक पेला. विचारतात चेरी घालू का नको. मी एक घेतला. आईने वास घेतला, "कोकमाच्या आगळासारखो वास," आणि पेला परत दिला. पण चेरी तिने खाल्ली.

आणि ११ नोव्हेंबर म्हणजे सेंट मार्टिनचा दिवस, इथे त्या दिवशी भाजलेले चेस्टनट खातात. हातगाडी, तीवर मातीचं भांडं, खाली कोळसे, पांढरा धूर सगळ्या रोसिओच्या चौकात पसरलेला. विकणारी बाई चेस्टनटला चिरा पाडून वर जाडं मीठ टाकते, ते मीठ चिकटून साल राखेच्या रंगाची होते. डझनाचे तीन युरो, कागदाच्या दुहेरी पुडीत, एका कप्प्यात चेस्टनट आणि दुसरा सालींसाठी मोकळा. आईने तो सालींचा कप्पा बघून पुडी उलटीपालटी करून घेतली, घडी कशी घातलीये ते बघायला. चव आपल्या भाजलेल्या फणसाच्या आठळ्यांची, अगदी तीच, फक्त थोडी गोड. बोटं काळी झाली. डझनात बारा येतात, तिने तेरा मोजले आणि बाईला तेरावा दाखवला. बाईने हात हलवला, असू दे.

संध्याकाळी मुरारियात, म्हणजे ११४७ ला शहर जिंकल्यावर मुसलमानांना जिथे राहायला लावलं ती वस्ती. आज तिथे बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी दुकानं, आईला कढीपत्ता मिळाला, उगाचच घेतला. कॅफेच्या काचेत सामोसे, इथे शामुसा म्हणतात, गोवा आणि मोझांबिककडून आलेले आणि आता पूर्ण त्यांचेच झालेले. अंतोनियो कोश्ता, जे २०२४ च्या एप्रिलपर्यंत आठ वर्षांहून जास्त काळ इथले पंतप्रधान होते आणि त्याआधी या शहराचे महापौर, त्यांचे वडील गोव्याचे. आईला हे माहीत होतं, डिचोलीत सगळ्यांनाच माहीत आहे. शामुसा मात्र तिने नापास केला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

विमान संध्याकाळी. वहीप्रमाणे शिल्लक ३८ युरो. जवळच्या सिंट्रा गावातले राजवाडे बघायचे राहिले, पण तिथे प्रत्येक दाराला वेगळं तिकीट आहे, ३८ मध्ये दोघांचं काही झालं नसतं. मी म्हटलं टाइल्सच्या म्युझियमला जाऊ, दोघांचे वीसच्या आत.

जुन्या मठात आहे ते, शहराच्या पूर्वेला, बसने जावं लागतं. वरच्या मजल्यावर एका लांब खोलीत १७०० च्या सुमाराचं लिस्बन आहे, निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर काढलेलं, २३ मीटर लांब, नदीतून दिसतं तसं. म्हणजे भूकंपाच्या पन्नासेक वर्षं आधीचं. आई डावीकडून सुरू झाली आणि एक एक पाऊल सरकत चालली, हात मागे बांधून, मी पुढे जाऊन बसलो. बेलेंचा मठ तिने स्वतः ओळखला. राजवाडा, जो आता नाही. धक्का, जहाजं, कपडे वाळत घातलेले. मध्ये एका ठिकाणी ती थांबली आणि मला बोलावलं. टेकडीवर एक चर्च, छपरासकट.

"कार्मो," ती म्हणाली. "ह्याका अजून म्हायत नाय."

दुपारी रूमवर बॅग उचलायला गेलो तर मालकीणबाई दारातच. आईने उरलेल्या चकल्या डब्यासकट दिल्या. बाईंनी एक मोडून खाल्ली, कुरकुरीतपणा ऐकल्यासारखं करून मान हलवली आणि आतून तीन लिंबं आणून दिली, गावाकडची असावीत, हातवारे तरी तसे होते. मग आईने पर्समधून चावी काढली, पुढे केली आणि म्हणाली, "शाव्ह." उच्चार चांगला होता.

विमानतळावर परत ती लोखंडी चौकट. डबे रिकामे झाल्याने बॅग या वेळी सरळ आत गेली, तरी आईने दोन्ही स्वेटर घातलेलेच होते, आणि जॅकेटच्या खिशांत तीन लिंबं, कढीपत्ता आणि आधारकार्डच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं एक टांग्याचं तिकीट. वहीत शेवटची ओळ: शिल्लक १६ युरो २०. त्याच्याखाली पेन्सिलने, माझ्या नकळत लिहिलेलं, व्हिसाचे पैसे धरलेले नाहीत.